पाच टनांचा नेम

लखनौच्या गोमती नगर स्थानकावर आपण कधी उभे राहिला असाल, तर फलाटाला लागणाऱ्या विजेच्या एंजिनाकडे सहज दृष्टी गेली असेल. लांब पल्ल्याच्या गाड्यांना आज बहुधा जे एंजिन जोडतात, त्या डब्ल्यूएपी-७ जातीच्या एंजिनाचे वजन १२३ टन असते. त्याला सहा आस. म्हणजे चाकांच्या प्रत्येक जोडीमागे वीस टनांहून काकणभर अधिक भार. फलाटाच्या कडेला उभे असताना पायांखालची जमीन जी किंचित थरथरते, ती या भारामुळे. याच शहराच्या दुसऱ्या भागात, माणकनगरात, भारतीय रेल्वेची संशोधन व मानक संस्था आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या कामांपैकी एक मोठे काम म्हणजे कोणत्या रुळावर एका आसामागे किती टन भार चालेल, याचा हिशेब ठेवणे.

वाचकहो, हा ‘आसामागे किती टन’ हा हिशेब ऐकायला रुक्ष वाटतो खरा. परंतु त्याच्याशी महाराष्ट्राच्या एका कोरड्या प्रदेशाचे भाग्य शंभराहून अधिक वर्षे बांधलेले होते. जेथे आज वीस टनांची गोष्ट चालते, तेथे एका गृहस्थाने पाच टनांचा नेम धरला आणि त्या नेमात बसेल असे वाफेचे एंजिन विलायतेत घडवून घेतले. ते एंजिन बार्शीला आले. त्याची ही हकीकत.

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला. वाटेत कुर्डुवाडी लागे. कंपनीने त्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ असे नाव दिले होते. नावात बार्शी असली तरी बार्शी गाव तेथून एकवीस मैल दूर. जुन्या वेळापत्रकांतून ‘रोड’ हा शब्द ज्या ज्या स्थानकाला जोडलेला दिसे, तेथे उतरणाऱ्या प्रवाशाने पुढच्या बैलगाडीची चौकशी आधीच करून ठेवावी, असा त्याचा अर्थ असे! बार्शी ही मोठी पेठ होती. बालाघाटाच्या डोंगररांगेपलीकडचा, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखातला कापूस, करडई, जवस, धान्य हे सारे बार्शीला उतरे आणि तेथून बैलगाड्यांनी बार्शी रोड गाठून मुंबईच्या वाटेला लागे. उन्हाळ्यात ही एकवीस मैलांची मजल कशीबशी पार पडे. पावसाळ्यात मात्र त्या काळ्या रानातली वाट म्हणजे नुसता चिकट राबडा. चाक आसापर्यंत रुतले की बैलांचे खांदे सोलवटून निघत आणि माल वाटेतच भिजे. मुंबईत कापसाला चढा भाव आला, तरी बार्शीच्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातले किती पडे, हे त्या एकवीस मैलांवर अवलंबून असे.

मग तेथे रेल्वे का नेली नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर साधे आहे. मोठ्या मापाचा लोहमार्ग घालण्यास जो खर्च येई, तो एकवीस मैलांच्या शाखेच्या उत्पन्नातून निघण्याची आशा नव्हती. जड एंजिन, त्यास साजेसे जड रूळ, जड रुळांस भक्कम भराव, ओढ्यांवर मजबूत पूल : खर्चाची ही साखळी पहिल्या कडीपासूनच सुरू होते, आणि ती पहिली कडी म्हणजे एंजिन.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने नेमकी ही कडी हातात घेतली. १८५७ साली जन्मलेला हा गृहस्थ क्रू येथील प्रसिद्ध रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून १८८२ साली हिंदुस्थानात आला आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीत एंजिनांचा निरीक्षक झाला. मुख्य लोहमार्गाला बाजूच्या पेठा जोडणारे स्वस्त, हलके फाटे काढावेत, ही कल्पना त्याच्या डोक्यात येथेच रुजली. तिच्यापायी त्याने आपल्या नोकरीवर पाणी सोडले. सरकारदरबारी अर्जविनंत्या, कंपन्यांची उभारणी, भांडवलाची जुळवाजुळव यांत वर्षांमागून वर्षे गेली. अखेर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि कॅलथ्रॉप तिचा सल्लागार अभियंता झाला.

त्याचा विचार काय होता, हे नीट समजावून घेतले पाहिजे. कारण पुढचे सारे त्यातच आहे. कोणतीही आगगाडी डोळ्यांपुढे आणा. तीत सर्वांत जड वस्तू एंजिन. डबे व वाघिणी त्या मानाने हलक्या. आता रूळ घालताना तो कोणाच्या वजनाला पुरेसा घालावा लागतो? अर्थात एंजिनाच्या. एंजिन जाते क्षणभरात, मागे पाचपन्नास हलक्या वाघिणी जातात. पण मैलोगणती रुळांचे पोलाद विकत घ्यायचे ते त्या क्षणभराच्या पाहुण्यासाठी. एखाद्या घरी वर्षातून एकदा येणाऱ्या धिप्पाड पाहुण्याच्या मापाने सगळी घडवंची-बाकडी करून घ्यावीत, त्यातलाच प्रकार. कॅलथ्रॉप म्हणाला, एंजिनाच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, आणि भरलेल्या वाघिणीच्या आसावरही तितकाच पडावा. सर्व आस सारखे. मग रुळाच्या पोलादातला एक तोळाही वाया जाणार नाही.

या नेमामुळे रुळांचे वजन यार्डास तीस पौंडांवर आणता आले. आजच्या मापात सांगायचे तर मीटरला सुमारे पंधरा किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोंचे रूळ असतात, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे काटकसर किती होती ते कळेल. रुळांमधले अंतर अडीच फूट धरले. मोठ्या मापाच्या मार्गावर ते साडेपाच फूट असते. अरुंद मार्ग वळणे चटकन घेतो, डोंगराच्या कडेने नागमोडी जातो, त्यामुळे खोदाई आणि भराव दोन्ही कमी.

येथे एक अडचण होती. पाच टनांचा नेम म्हणजे एंजिन लहानखुरे करावे, असे कोणासही वाटेल. परंतु लहान एंजिन ओढणार किती? दोनचार डबे ओढून ही पेठ जगली नसती. एंजिन ताकदवान हवे आणि जमिनीवर त्याचे पाऊल हलके हवे, अशी ही विचित्र मागणी होती.

पालखीचे उदाहरण घ्या. जड पालखी चार भोयांच्या खांद्यांवर दिली तर खांदे मोडतात; तीच आठ-बारा जणांनी घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे येते आणि पालखी तितकीच जड राहून पुढे जाते. कॅलथ्रॉपने एंजिनाला जास्त भोई दिले. लीड्स येथील किट्सन आणि कंपनीच्या कारखान्यात बार्शीसाठी जी पहिली पाच एंजिने तयार झाली, ती ‘ए’ वर्गाची. त्यांना बारा चाके होती. पुढची आठ चाके दांड्यांनी एकमेकांस जोडलेली, म्हणजे वाफेच्या जोराने फिरणारी. मागची चार नुसता भार वाहणारी. एंजिनशास्त्राच्या भाषेत यास ‘शून्य-आठ-चार’ म्हणतात : पुढे भारवाहू चाक एकही नाही, मधे आठ चालक चाके, मागे चार भारवाहू. आस सहा, दर आसास पाच टन. तेव्हा एंजिन तीस टनांच्या पलीकडे जाऊच शकत नसे. पण आठ चाके एकदम रुळाला धरून ओढत असल्यामुळे त्याच्या अंगची ओढ त्याच्या आकाराच्या मानाने चांगलीच होती.

ही एंजिने टाकीवाली होती. टाकीवाले एंजिन म्हणजे काय, हे घरातल्या मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. वाफेच्या एंजिनाला दोन गोष्टी सतत लागतात, कोळसा आणि पाणी. लांब पल्ल्याच्या एंजिनामागे ह्यासाठी एक वेगळी गाडी जोडलेली असे. तिला टेंडर म्हणत. टाकीवाल्या एंजिनाला हे शेपूट नसते. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या, कोळशाची पेटी ड्रायव्हरच्या पाठीशी. आपला शिधा आपल्याच खांद्यावर घेऊन निघालेल्या वारकऱ्यासारखे ते असते. याचा एक फायदा असा की, टाक्यांतल्या पाण्याचे वजन चालक चाकांवर पडते आणि चाके रुळावर घसरत नाहीत. टेंडरातले पाणी मात्र नुसतेच ओढावे लागते. दुसरा फायदा म्हणजे असे एंजिन पुढे-मागे दोन्हीकडे सारखेच चालवता येते; प्रवासाच्या शेवटी त्याला फिरवून उलटे करण्यासाठी चक्राची गरज पडत नाही. लहान कंपनीला तेवढाच एक खर्च कमी.

तोटाही याच गुणांच्या पोटात आहे. टाकी लहान, म्हणून पाणी लवकर संपते, आणि जसजसे पाणी संपत जाते तसतसे चाकांवरचे वजन व त्याबरोबर रुळावरची पकड कमी होत जाते. जेथे विहिरी माघातच तळ गाठतात, अशा प्रदेशात ठिकठिकाणी एंजिनासाठी पाणी राखून ठेवणे ही गोष्ट सोपी नव्हती. पाणी हा या रेल्वेच्या कथेतला एक धागा आहे. तो शेवटी पुन्हा हाती येईल.

एंजिने आणि वाघिणी हिंदुस्थानकडे रवाना करण्यापूर्वी कॅलथ्रॉपने एक नामी युक्ती केली. लीड्सजवळ न्यूले येथे त्याने मुद्दाम थोडा अडीच-फुटी लोहमार्ग घातला, त्यावर ही एंजिने आणि लीड्स फोर्ज कारखान्याच्या दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यांच्या वाघिणी चालवल्या आणि रेल्वेच्या धंद्यातील लोकांना पाहावयास बोलावले. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत स्वस्त रेल्वे कशा नेता येतील, याची चर्चा तेव्हा जोरात होती. १८९६ साली तेथील पार्लमेंटने हलक्या रेल्वेंचा कायदाच केला. त्या चर्चेत बार्शीचे एंजिन हा एक पुरावा म्हणून उभा राहिला. आपल्याकडच्या एका पेठेचे नाव यॉर्कशायरच्या कारखानदारांच्या तोंडी त्या दिवसांत वारंवार आले असेल, याची गंमत वाटते.

मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. गाडीचा वेग फारसा नव्हता. परंतु बैलगाडीला जो एक दिवस लागे, त्याच्या जागी काही घटका लागू लागल्या आणि पावसाळ्यातही माल कोरडा पोहोचू लागला, ही गोष्ट काही लहान नव्हे. उत्पन्न चांगले येऊ लागले तसा मार्ग लांबत गेला. १९०६ साली तो दक्षिणेकडे पंढरपुरास पोहोचला. उत्तर-पूर्वेकडे येडशीजवळ बालाघाटाची कड चढून, ब्रिटिश मुलखाची हद्द ओलांडून, १९११ साली तो निजामाच्या राज्यात लातूरपर्यंत गेला. १९२७ साली पंढरपूर-मिरज हा शेवटचा मोठा टप्पा पुरा झाला. आरंभीच्या एकवीस मैलांचे दोनशे दोन मैल झाले. तोपर्यंत किट्सनच्या पहिल्या एंजिनांना आणखी निरनिराळ्या वर्गांची एंजिने येऊन मिळाली होती. लांब मजलांसाठी टेंडरवाली मोठी एंजिनेही आली, आणि टाकीवाल्यांचा तोरा थोडा ओसरला.

पंढरपूरचा फाटा सुरू झाल्यावर या रेल्वेला कापसाच्या जोडीला विठ्ठलही लाभला. तोपर्यंत दूरच्या वारकऱ्याने मुख्य मार्गाने बार्शी रोडपर्यंत यावे आणि पुढचे तीस-एक मैल पायी किंवा बैलगाडीने काटावे, असा क्रम होता. पायी वारीचे व्रत घेतलेले लोक पुढेही पायीच गेले, आजही जातात; त्यांना गाडीचे काय! परंतु ज्यांना पाय साथ देत नव्हते, ज्या माहेरवाशिणींना चार दिवसांची सवड मिळत होती, ज्यांना शेत टाकून महिनाभर जाता येत नव्हते, त्यांना आषाढी-कार्तिकीचे दर्शन या छोट्या गाडीने शक्य करून दिले. यात्रेच्या दिवसांत डबे ओसंडून वाहत. गर्दीत होणारे हाल हा त्या प्रवासाचाच एक भाग होता, आणि टाळमृदंगाच्या नादात ते हाल सोसलेही जात. अभियंत्याने एका आसाला पाच टन असा नेम ठरवला होता. आषाढीला चढणाऱ्या भाविकांनी तो कितपत पाळला असेल, हे तो पांडुरंगच जाणे.

आता हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हलका मार्ग स्वस्त पडतो, पण तो मुख्य मार्गाहून वेगळ्या मापाचा असतो. बार्शीची कापसाची वाघीण कुर्डुवाडीस आली की तिला पुढे वाट नाही. प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते, तेलाचा प्रत्येक डबा एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा. हे काम हमालांच्या पाठींनी केले, पिढ्यान्‌पिढ्या केले. मिरजेस तर एक काळ असा होता की, तिन्ही मापांचे रूळ एका स्थानकात नांदत होते आणि प्रवाशाला गाडी बदलताना आपण कोणत्या जगातून कोणत्या जगात जातो आहोत हे नीट पाहून पाऊल टाकावे लागे. कॅलथ्रॉप व त्याच्या पंथाचे लोक म्हणत, माल बदलण्याचा खर्च मार्ग बांधण्यात वाचलेल्या पैशापुढे किरकोळ आहे. एकवीस मैलांच्या फाट्यापुरते हे म्हणणे मला पटते. दोनशे मैलांच्या जाळ्याला ते लागू पडत होते का, याची शंका येते. एका पेठेची अडचण दूर करणारा उपाय साऱ्या प्रदेशाचे माप ठरवून गेला, आणि कंपनी लंडनची असल्याने तिचा नफाही लंडनलाच जाई.

माल बदलण्याच्या या दुखण्यावर स्वतः कॅलथ्रॉपने एक तोड काढली होती, पण ती त्याच्या मायदेशी. स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नावाच्या नदीचे एक अरुंद, रम्य खोरे आहे. तेथे १९०४ साली लीक आणि मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे सुरू झाली. लांबी सव्वाआठ मैल, माप तेच अडीच फुटी, अभियंता तोच. एंजिनेही किट्सनचीच, टाकीवाली, दोनच. या वेळी रचना ‘दोन-सहा-चार’. एकाला नाव दिले ‘ई. आर. कॅलथ्रॉप’, दुसऱ्याला स्थानिक अभियंत्यावरून ‘जे. बी. अर्ल’. त्यांच्या कपाळावर भले मोठे दिवे होते. इंग्लंडच्या कुंपण घातलेल्या लोहमार्गावर अशा दिव्यांचा काय उपयोग, असे लोक विचारीत. ते दिवे म्हणजे हिंदुस्थानातल्या उघड्या रानांची आठवण होती. डबे पिवळ्या रंगाचे होते. बार्शीच्या रानात जो धडा गिरवला, तो इंग्रजी खेड्यात असा परत गेला. साम्राज्याच्या काळात यंत्रे तिकडून इकडे येत, हे आपण शाळेतच शिकतो. एखादी कल्पना इकडून तिकडे जाते, हे सहसा कोणी शिकवीत नाही.

मॅनिफोल्डच्या खोऱ्यात मुख्य मार्गाची मोठी वाघीण जशीच्या तशी उचलून छोट्या मापाच्या एका सखल वाघिणीवर चढवीत आणि छोटे एंजिन तिला ओढीत नेई. माल उतरवण्याचे कामच नको. दुधाचा धंदा हा त्या खोऱ्याचा आधार होता, आणि दूध वाट पाहत नाही. ब्रिटनमध्ये अशी सोय प्रथम याच रेल्वेने केली. कुर्डुवाडीच्या हमालाला हे चित्र दाखवले असते तर तो काय म्हणाला असता, कोण जाणे. कदाचित आपली मजुरी गेली म्हणून हळहळलाही असता. तथापि ही रेल्वे फार दिवस टिकली नाही. रस्त्यांवर मोटारी आल्या, दूध मोटारींतून जाऊ लागले, आणि १९३४ साली ती बंद पडली. एंजिने भंगारात गेली. आज त्या वाटेवरून लोक पायी आणि सायकलीवरून फिरावयास जातात. बार्शीची गाडी तिच्या आधी सात वर्षे सुरू होऊन तिच्यानंतर सत्तर वर्षे चालली. गरज कोणाची खरी होती, हे यावरून दिसते.

जाता जाता या कॅलथ्रॉपविषयी आणखी थोडे. त्याला अरबी घोड्यांचा मोठा नाद होता. घोड्याला मारझोड न करता कसे शिकवावे यावर त्याने पुस्तकही लिहिले. १९१० साली त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, मोटारींच्या रोल्स-रॉइस या जोडनावातला रोल्स, विमान कोसळून मरण पावला. त्या धक्क्याने कॅलथ्रॉपने विमानातून उडी घेण्याची छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला. त्याने तिला ‘गार्डियन एंजल’ असे नाव दिले. १९१७ साली एका धाडसी अधिकाऱ्याने ती बांधून लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी मारून दाखवली. परंतु पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ती मिळाली नाही. विमानात तिला जागा नाही, तिचे वजन फार, अशा हरकती निघाल्या. ज्याने जन्मभर वजनाशी झगडून रेल्वे उभी केली, त्याची दुसरी शोधवस्तू वजनाच्याच सबबीवर अडून राहावी, यापरता योग कोणता! १९२७ साली, म्हणजे बार्शी लाइट रेल्वे मिरजेस पोहोचली त्याच वर्षी, तो निवर्तला.

स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे सरकारने विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली. वाफेची एंजिने मागे पडली, डिझेलची आली. गाडीचा वेग मात्र फारसा बदलला नाही. बसगाडीने तासा-दीड तासात जाता येत असता या गाडीने कोण जाणार? जाणारे होतेच. ज्यांच्यापाशी वेळ होता आणि पैसा नव्हता ते जात, आणि ज्यांचे स्थानक बसच्या रस्त्यापासून दूर होते ते जात. पुढे देशभर एकाच मापाचे रूळ असावेत असे धोरण ठरले आणि अरुंद मार्गाचे रुंदीकरण सुरू झाले. कुर्डुवाडी-पंढरपूर हा टप्पा २००२ साली मोठ्या मापाचा झाला. कुर्डुवाडी ते लातूर हा भाग २००८ पर्यंत पुरा झाला. धाराशिव शहर, ज्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत, जुन्या वाटेने बाजूला टाकले होते. ते या वेळी वाट वळवून मार्गावर घेतले. पंढरपूर-मिरज हा शेवटचा भाग २०११ च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला. पाच टनांचा नेम संपला.

तो संपला हे बरे झाले की वाईट, याचा विचार करताना मला छोट्या गाडीच्या आठवणींनी हळवे होणाऱ्यांचे मन समजते. पण २०१६ सालचा उन्हाळा विसरता येत नाही. त्या वर्षी लातूर शहर कोरडे पडले. नळ आटले, टँकरभोवती भांडणे होऊ लागली, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम काढण्याची पाळी प्रशासनावर आली. तेव्हा राजस्थानातील कोटा येथून धुऊन आणलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेस भरण्यात आल्या, आणि १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे पहिली पाणीगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली, खेपेस पंचवीस लाख लिटरांची. वाट कोणती? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. तीच, एक वळण सोडले तर, जी १८९७ पासून १९२७ पर्यंत तुकड्यातुकड्याने घातली गेली होती.

आता थोडा हिशेब करून पाहा. प्रत्येक वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन पाणी. वाघिणीचे स्वतःचे वजन धरून चार आसांपैकी एकेकावर एकोणीस टनांच्या आसपास भार. जुन्या अडीच-फुटी रुळावर चार आसांची वाघीण, रिकामेपणीचे वजन धरूनही, वीस टनांच्या वर जाऊ शकली नसती. ती वाट तशीच राहिली असती, तर लातूरला पाण्याची अशी गाडी येणे अशक्यच होते. मिरजेस भरलेले पाणी कुर्डुवाडीस एका मापाच्या गाडीतून दुसऱ्या मापाच्या गाडीत ओतत बसावे लागले असते. आणि हेही तितकेच खरे की, पाच टनांच्या नेमाने ती वाट आधी घातली गेली नसती, तर रुंद करायला तेथे काही असतेच असे नाही.

त्या पहाटे लातूरच्या स्थानकावर लोक जमले होते. गाडी थांबली, आणि वाघिणींच्या तळाशी जोडलेल्या नळांतून पाणी शहराकडे वाहू लागले. ती गाडी ओढून आणणाऱ्या एंजिनाला मात्र, किट्सनच्या त्या टाकीवाल्या एंजिनांप्रमाणे, वाटेत कोठेही पाणी प्यावे लागले नव्हते.